घरचा जुना कॉम्प्युटर आणि विंडोज ११: आधी डिस्क बदला, मग बाकीचं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१८ साली घेतलेला डेस्कटॉप, आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, त्यावर विंडोज १०. बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत पाच-सात मिनिटं जातात. विंडोज ११ साठी तपासणी केली तर ‘टीपीएम २.० नाही’, म्हणजे ११ ची सुरक्षेची एक अट पुरी होत नाही, असा शेरा आला. मशीन मुख्यतः आईवडील वापरतात: बँकेची कामं, व्हिडिओ कॉल आणि बऱ्याच वर्षांचे साठलेले फोटो. आता अट चुकवून ११ टाकावं, सरळ नवा कॉम्प्युटर घ्यावा, की आहे तसंच चालू द्यावं?

या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. मशीन रडतखडत चालतं हे एक, आणि विंडोज १० ची मुदत संपली हे दुसरं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. नवं विंडोज टाकलं म्हणून जुनं मशीन पळायला लागत नाही; उलट फिरत्या हार्ड डिस्कवर ११ हे १० पेक्षा जडच जातं. माझ्याकडे ‘अपग्रेड करून द्या’ म्हणून जी मशीन येतात, त्यांतल्या बहुतेकांचं खरं गाऱ्हाणं वेगाचं असतं. मालकाला वाटतं विंडोज जुनं झालंय; प्रत्यक्षात दमलेली असते ती डिस्क.

आधी मुदतीचं बोलू. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. म्हणून १५ तारखेला मशीन बंद पडलं नाही, पुढेही पडणार नाही. धोका हळूहळू साठत जातो. १० आणि ११ चा पाया बराचसा एकच आहे. त्यामुळे ११ मधलं एखादं भगदाड बुजवणारा अपडेट आला की तो उलटसुलट तपासून, भगदाड कुठे होतं हे जाणकार चोराला कळतं. आणि १० मध्ये ते उघडंच राहिलेलं असू शकतं. मशीनवर नुसती गाणी ऐकायची असती तर मी एवढा आग्रह धरला नसता. तुम्ही बँकेचा उल्लेख केलात, म्हणून धरतो.

मात्र यात ‘आजच काही केलं नाही तर संपलं’ अशी घाई नको. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली आहे. तुमचं विंडोज १० हे २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर असलं, तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सिंक करू दिला तर पैसे पडत नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर आधी हे उरकलं असतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मग बाकीचे निर्णय शांतपणे घेता येतात.

आता पात्रतेचं. ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. आय-फाइव्ह हे नाव इंटेल २००९ पासून वापरतं आहे. बघायचा असतो तो पुढचा आकडा. आय-फाइव्ह ७४०० म्हणजे सातवी पिढी, आय-फाइव्ह ८४०० म्हणजे आठवी. विंडोज ११ ची यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. एएमडीच्या बाबतीत साधारणपणे रायझन २००० मालिकेपासून. तुमचा कॉम्प्युटर २०१८ चा, म्हणजे अगदी कुंपणावरचा. त्या वर्षी दोन्ही पिढ्यांची मशीन विकली जात होती. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट या पानावर पूर्ण क्रमांक मिळेल. तुमच्या बाबतीत सगळं त्या एका आकड्यावर अवलंबून आहे, म्हणून दोन्ही शक्यता धरून लिहितो.

आधी आठवी पिढी धरू. तसं असेल तर ‘टीपीएम नाही’ हा शेरा बहुधा फसवा आहे. टीपीएम म्हणजे किल्ल्या सुरक्षित ठेवणारा छोटा भाग. घरगुती मशीनमध्ये त्याची वेगळी चिप क्वचितच असते. ते काम प्रोसेसर आणि बायोस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) मिळून करतात. इंटेलच्या मदरबोर्डवर ते पीटीटी या नावाने असतं, एएमडीवर एफटीपीएम. त्या काळच्या कित्येक बोर्डांवर ते कारखान्यातून येतानाच बंद असायचं, कारण तेव्हा ते कुणी मागत नव्हतं. बायोसमध्ये जाऊन (सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून) ते चालू केलं की तपासणी करणारा प्रोग्राम त्या बाबतीत गप्प होतो. हे चालू करण्यात डेटाला धोका नाही. अपवाद एकच: डिस्कवर आधीपासून बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी ते तात्पुरतं थांबवा, नाहीतर पुढच्या वेळी मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसेल.

बहुतेक लोक अडकतात ते याच्या पुढे, ११ च्या सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचा प्रोग्राम चालू देणारी सोय) या अटीपाशी. त्यासाठी मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू व्हावं लागतं. पण त्या काळात ज्याने विंडोज टाकून दिलं, त्याने ते बऱ्याचदा जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं आणि डिस्कची आखणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते. अशा मशीनवर कुणीतरी व्हिडिओ बघून बायोसमध्ये सीएसएम (लेगसी पद्धत चालू ठेवणारं सेटिंग) बंद करतो आणि पुढे काळा पडदा. असं झालं तर हातपाय गाळू नका. डिस्कवरचं काहीही गेलेलं नसतं. सेटिंग पूर्ववत केलं की विंडोज पुन्हा सुरू होतं. तुमचं कुठल्या पद्धतीचं आहे ते बघायला स्टार्टमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘बायोस मोड’ ही ओळ वाचा.

लेगसी असेल तर विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आहे. ते डेटा न पुसता एमबीआर आखणी बदलून यूईएफआयला लागणारी जीपीटी करतं. ऐकायला छान, पण त्याच्या अटी आहेत: डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे पाडलेले मुख्य भाग) चालतात आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन अजिबात चालत नाही. घरच्या मशीनवर सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडून ठेवायची जुनी सवय आठवा. डी च्या पुढचे ड्राइव्ह पुष्कळदा लॉजिकलच असतात. मग ते साधन तपासणीतच नकार देतं. त्यावर उपाय शोधत माणसं पार्टिशन जोडायला, पुसायला, सरकवायला लागतात. तेही कशावर, तर घरातले सगळे फोटो ज्या एकुलत्या एका डिस्कवर आहेत, तिच्यावर. माझ्या अनुभवात घरगुती अपग्रेडमध्ये डेटा जातो तो विंडोजमुळे नाही, या खटाटोपामुळे.

म्हणून माझा सल्ला: त्या डिस्कवर काही करूच नका. नवी एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) घ्या, विंडोज ११ तिच्यावर कोरं टाका, आणि जुनी डिस्क आहे तशी काढून बाजूला ठेवा.

यामागचं गणित सांगतो. फिरणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारी सुई प्रत्येक वेळी जागेवर न्यावी लागते, त्यामुळे विखुरलेले छोटे तुकडे ती सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचू शकते. साधी, साटा केबलने जोडायची एसएसडीसुद्धा तेच काम सेकंदाला हजारोंच्या घरात करते. विंडोज सुरू होणं म्हणजे असे हजारो तुकडे वाचणं. तुमची पाच-सात मिनिटं तिथे जातात. एसएसडी टाकल्यावर हेच मशीन मिनिटाच्या आत तयार झालेलं दिसेल. म्हणजे वेगाचं दुखणं गेलं. कोऱ्या एसएसडीवर यूईएफआय पद्धतीने विंडोज टाकलं की जीपीटी आखणी आपोआप होते, म्हणजे पार्टिशनची भानगड मिटली. आणि काही फसलंच, तर जुनी डिस्क जोडा, बायोसची सेटिंग्ज पूर्वीसारखी करा, कालचं मशीन परत तुमच्या हातात. जागेवरच अपग्रेड केलं तरी विंडोज मागे फिरायची सोय देतं, पण ती १० दिवसांची असते, आणि ती सगळी त्याच जुन्या डिस्कच्या तब्येतीवर विसंबून.

तब्येतीवरून आठवलं. काहीही करण्यापूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्राम चालवून हार्ड डिस्कची अवस्था बघा. ‘गुड’च्या जागी ‘कॉशन’ दिसलं, तर अपग्रेड हा विषय आज बंद. आज फक्त फोटो दुसरीकडे उतरवायचे. इतक्या वर्षांच्या डिस्कवर भरोसा ठेवण्यात अर्थ नाही. जुनी डिस्क बाजूला ठेवली म्हणजे बॅकअप झाला असंही समजू नका. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत आधीच काढा, आणि नुसती कॉपी संपल्याची खूण बघून थांबू नका. ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून चार-सहा फोटो, एखादा जुना व्हिडिओ उघडून बघा. वनड्राइव्हवर सिंक असेल तरीही हे करा. सिंकमध्ये एकीकडे पुसलेलं दुसरीकडेही पुसलं जातं.

फोटो सगळ्यांना आठवतात. विसरतात ते बाकीचं. ब्राउझरमधले पासवर्ड कुठल्या खात्याशी सिंक होतात का ते तपासा. आउटलुक प्रोग्राम वापरत असाल तर त्याची मेल साठवणारी पीएसटी फाइल शोधून ठेवा. विकत घेतलेल्या प्रोग्रामच्या किल्ल्या लिहून घ्या. आणि आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या फाइली युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. तो फॉन्ट नव्या विंडोजवर नसला की आजोबांनी लिहिलेलं सगळं इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन दिसतं. जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची एक प्रत काढून ठेवली की हा प्रश्न येत नाही.

प्रत्यक्ष काम कसं करायचं ते थोडक्यात. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज ११ उतरवा. पेन ड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जाईल. त्यात नेटवर्कचा ड्रायव्हरही (विंडोजला तो भाग चालवता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम) मदरबोर्डच्या संकेतस्थळावरून आणून ठेवा, कारण ११ ची होम आवृत्ती सेटअपच्या वेळी इंटरनेट मागते आणि ड्रायव्हर नसला की गाडी तिथेच अडते. (ऐन वेळी मोबाइल यूएसबीने जोडून इंटरनेट देता येतं, तेही लक्षात असू द्या.) मग मशीन बंद करून जुनी हार्ड डिस्क सोडवा. ही पायरी गाळू नका. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर विंडोज एसएसडीवर जातं, पण सुरू करणारा भाग कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतो, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही. बायोसमध्ये पीटीटी चालू करा, सीएसएम बंद करा. बूट मेनूत तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या नावाआधी यूईएफआय लिहिलंय तो निवडा.

परवान्याची चिंता पुष्कळांना असते. तुमचं विंडोज १० रीतसर सक्रिय असेल तर त्याचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्कशी नाही. सेटअपमध्ये ‘प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय घ्या, आधी होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो निवडा. इंटरनेट मिळालं की ११ आपोआप सक्रिय होतं.

एक गोष्ट मात्र आईवडिलांच्या मशीनवर फार जपून करा. सेटअपमध्ये मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं की २४एच२ या ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासूनच्या कोऱ्या इन्स्टॉलवर पुष्कळ मशीनमध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात साठते. आता त्या वेळी घाईत तयार केलेलं, पासवर्ड कुणालाच आठवत नाही असं खातं डोळ्यांसमोर आणा. दोन वर्षांनी बायोस अपडेट होतो, मशीन की मागतं आणि घरात कुणाकडेच ती नसते. अशा वेळी मी किंवा दुसरा कुणीही डेटा सोडवून देऊ शकत नाही. तेव्हा खातं ज्याच्या हाती कायम राहणार आहे त्याचंच वापरा, आणि त्याच दिवशी ती की कागदावर उतरवून महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. घरात बसून असलेल्या डेस्कटॉपवर एन्क्रिप्शन बंद ठेवायचं ठरवलंत तरी मी नावं ठेवणार नाही. लॅपटॉप असता तर ठेवली असती.

आता दुसरी शक्यता: क्रमांक सातने सुरू होतो. मग बायोसमध्ये काही केलं तरी प्रोसेसर यादीत नाही. अट चुकवायचे मार्ग आहेत, रुफस नावाचा प्रोग्राम वापरून तसा पेन ड्राइव्ह बनवता येतो, आणि ११ चालतंही बऱ्यापैकी. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटलेलं आहे. सध्या महिन्याचे अपडेट साधारणपणे येतात; वर्षाची मोठी आवृत्ती मात्र दर वेळी स्वतः हाताने चढवावी लागते. शिवाय अट मध्येच कडक होऊ शकते: २४एच२ ने प्रोसेसरकडे पॉपकाउंटसारख्या काही सूचना (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञा) मागायला सुरुवात केली आणि कोअर टू ड्युओच्या काळातली मशीन, जुगाड करूनही, सुरूच होईनाशी झाली. तुमच्या सातव्या पिढीला त्या सूचना येतात, तो प्रश्न नाही. प्रश्न हा की दरवर्षी ते मशीन सांभाळायला कोण जाणार? स्वतःच्या टेबलावरच्या मशीनवर हा उद्योग मी खुशाल केला असता. वडील एकटे बसून बँकेचं पान उघडतात त्या मशीनवर करणार नाही.

तिथे मी काय केलं असतं? एसएसडी तरीही घेतली असती, पण या वेळी कोरं इन्स्टॉल न करता जुनी डिस्क तिच्यावर जशीच्या तशी क्लोन केली असती, म्हणजे प्रोग्राम आणि सवयी तशाच राहतात. वाढीव मुदतीची नोंदणी करून तेवढा काळ काढला असता आणि त्या काळात लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली) पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिलं असतं. ते डिस्कला हात न लावता, नुसतं पेन ड्राइव्हवरूनच चालतं. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं, त्यांना दोन आठवड्यांनी फरक जाणवत नाही, असं मी पाहिलंय. ज्यांचं एखादं काम ठरावीक विंडोज प्रोग्रामवर, डिजिटल सहीच्या टोकनवर किंवा हट्टी प्रिंटरवर अडतं, त्यांना पहिल्याच दिवशी जाणवतो. तो दिवस पेन ड्राइव्हवरच येऊ द्या. मिंट जमलं नाही, तर नवा कॉम्प्युटर. आणि ती एसएसडी तिकडे दुसरी डिस्क म्हणून लावता येते, वाया जात नाही.

प्रिंटरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार आहातच. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. तुमचं आत्ताचं १० ही ६४ बिट असेल तर प्रिंटरचा तोच ड्रायव्हर बहुतेक चालतो. ३२ बिट असेल, तर कंपनीने त्या मॉडेलसाठी ६४ बिट ड्रायव्हर काढला होता का ते आधी बघा. जागच्या जागी अपग्रेडही मग होत नाही, कोरंच टाकावं लागतं.

रॅमचं काय? कागदावर ४ जीबी पुरते, तुमची ८ जीबी घरच्या वापराला ठीक आहे. एकच पट्टी असेल आणि दुसरी जागा रिकामी असेल तर नंतर कधीतरी जोडा. आधी एसएसडी, हा क्रम मात्र उलटा करू नका.

काम झाल्यावर जुनी डिस्क किमान महिनाभर पुसू नका. ‘ती एक फाइल कुठे गेली?’ हा प्रश्न नेमका तिसऱ्या आठवड्यात येतो. तेव्हा ती जोडून हवी ती फाइल घ्यायची. दुसऱ्या विंडोजमधलं फोल्डर असल्याने परवानगी मागेल, ‘कंटिन्यू’ म्हणायचं. पुढे तिला फोटोंची दुसरी प्रत ठेवायला वापरा, एकुलती एक प्रत ठेवायला नको.

तेव्हा मला तीन गोष्टी कळवा: प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, सिस्टम इन्फर्मेशनमधला बायोस मोड, आणि हार्ड डिस्कचा शेरा. मदरबोर्डचं नावही दिलंत तर त्यावर एम-टू (थेट बोर्डवरच बसणारी) एसएसडी बसते की साटाचीच घ्यावी लागेल तेही सांगता येईल. तोवर बायोसमध्ये काही बदलू नका, आणि फोटोंची प्रत आजच काढायला लावा.